जिल्ह्याच्या शेवया

…अहो पण मी पास झालो की! नापास झालेला मानूस गाव सोडतो, तोंड लपवतो, ते समजू शकतो मी. हा शिवप्पा परीक्षेत पास झाला, पोरानं स्वतःच्या तोंडानं पास केलं, आन मंग सामान बांधून लातूरहून नांदेडला आला! असं कुठं आयकलंय का तुमी? हसू नका मावशी. ते पिठाचे डबे ठेवा तिकडं सावलीला, सगळ्यांचं होणार हाय, पण आधी माझं आयकून घ्या. तुमी सगळी कॉलनी मला रोज इचारून राहिली ना, 'काका, लातूर सोडून इकडं कसे?' तर सांगतो. ह्या सगळ्याला एक शब्द कारण हाय. झटपट. झटपट होतंय म्हणे!

तुमाला सांगतो, आमची गौरम्मा, माझी बायको, गेल्या दसऱ्याच्या मागंपुढं लिंगैक्य झाली. चालता-बोलता गेली. तिच्यामागं घरात उरलो कोण, तर मी आन पाण्याची टाकी, दोघंबी रिकामे. आन त्यात हा उन्हाळा! लातुरात रेल्वेनं पाणी यायलंय हे तुमी पेपरात वाचलंच असल. आता मला सांगा, रेल्वेनं मानसं येतेत, साखर येती, सिमेंट येतं… पाणी कधी आलं होतं का? पाहुण्यासारखं स्टेशनावर उतरायलंय पाणी! आन तिथून आमच्या गल्लीत यायला त्याला टँकर लागतो, आन टँकर आला की काय इचारू नका, घागरी, बादल्या, पातेले, एकानं तर लेकराचा टब आनला, त्यात लेकरू तसंच बसलेलं!

आमचा बसवंत, म्हणजे माझा पोरगा, हितं नांदेडात बँकेत हाय हे तुमाला मालूम हाय. त्याचा रोज फोन. 'अप्पा, पाणी आलं का? अप्पा, जेवलात का? अप्पा, काय जेवलात?' पहिले दोन सवाल ठीक हायत हो, तिसरा लई वंगाळ! कारण काय सांगणार? आधी खानावळीचा डबा यायचा. मंग खानावळवाली म्हणली, 'काका, भांडे कशानं घासू? माझ्या तोंडानं?' आन तिनं खानावळच बंद केली. मंग मी फुटाणे खायचो. सकाळी फुटाणे-गूळ, दुपारी फुटाणे-दूध, रात्री नुसते फुटाणे. पोराला सांगायचो, 'भाजी-भाकर खाल्ली.' एकदा बोलता बोलता फुटाण्याचा कडाम् करून आवाज आला फोनात. झालं! 'अप्पा, खरं सांगा, काय खायलात?' बँकेतला मानूस, त्याला खोट्या नोटेचा आवाज कळतो, बापाचा कळणार न्हाई का?

आला की धावत. सून सिंधु संग. म्हणला, 'अप्पा, बास झालं. चला नांदेडला. तिथं गोदावरी हाय, आमी हाव, डाक्टर जवळ हाय.' मी म्हणलो, न्हाई. साफ न्हाई. तुमाला खरं सांगतो, मला ते घर सोडायचंच नव्हतं. तिथं खुंटीला तिची पिशवी तशीच लटकलेली. फडताळात डब्यावर डबे तिनं रचलेले, कोणत्या डब्यात काय हाय हे मला ठाव न्हाई, पण रचलेत तिनं. मी तिथून उठून गेलो तर तिला कोण भेटणार त्या घरात? हे मी पोराला सांगितलं न्हाई. पोराला म्हणलो, 'माझं मी करून खातो.' तो म्हणला, 'अप्पा, तुमाला गॅस पेटवता येतो का?' भर गल्लीत म्हणला! इज्जतच काढली. मंग अट पडली. बसवंत म्हणला, 'येत्या रविवारी आमी येतो. तुमच्या हातानं गरम जेवण करा, आमाला वाढा. जमलं, तर पुन्यांदा नांदेडचं नाव काढणार न्हाई. न्हाई जमलं, तर त्याच दिवशी गाडीत बसायचं.' मी म्हणलो, 'हाव.' आन ते गेल्यावर चुलीपुढं जाऊन हुबा राहिलो, म्हणजे गॅसपुढं, आन म्हणलो, आता काय करावं गौरम्मा?

आता आली आमची नात. अक्कू. पुण्यात शिकायली, हॉस्टेलात राहती. तिनं फोन केला. 'अज्जा, बाबा सांगत होते तुमची परीक्षा हाय! घाबरू नका, मी एक चीज सांगते, झटपट होतंय!' मी इचारलं काय? 'पीनट नूडल्स.' म्हणलं, बाई, मराठीत सांग. 'शेंगदाण्याच्या तिखट नूडल्स, अज्जा! मी हॉस्टेलात इलेक्ट्रिक किटलीत करते. नूडल्स उकडायच्या, भाज्या परतायच्या, शेंगदाण्याचं बटर घालायचं, सॉस घालायचा, संपलं!' शेंगदाण्याचं बटर! बटर म्हणजे लोणी ना? साठ-सत्तर वर्सं झाली मला शेंगदाण्याच्या मुलखात, मी शेंगदाण्याची धार काढताना कोनाला बघितलं न्हाई! मंग ती म्हणली, 'अहो अज्जा, शेंगदाणे भाजून एवढे कुटायचे की तेल सुटलं पायजे.' आता बोला! आमच्या लातुरात शेंगदाणे खलबत्त्यात घालून, लसूण-तिखट घालून, तेल सुटेस्तोवर कुटतेत, त्याला चटणी म्हणतेत, आन गरिबाघरचं खाणं म्हणून नाक मुरडतेत. तेच बाटलीत भरून पुण्यात इकायलेत आन पोरी किटलीत घालून खायल्या!

बरं, मी म्हणलो, पुढं? 'नूडल्सला भांडंभर पाणी ठेवायचं, भरपूर बरं का अज्जा, उकळलं की नूडल्स टाकायच्या, शिजल्या की पाणी ओतून द्यायचं, आन वरून गार पाण्यानं धुवायच्या.' … … काय म्हणलीस? 'पाणी ओतून द्यायचं.' कुठं? 'बेसिनमधी.' मी फोन कानावरून काढून त्याच्याकडं बघितलं. ती म्हणली, 'अज्जा? हायत ना?' म्हणलं, हाय, पण जरा बसू दे मला. अहो, लातुरात! ह्या उन्हाळ्यात! एक भांडं पाणी उकळून फेकायचं, आन फेकलं म्हणून दुसरं भांडं त्याच्यावर फेकायचं! गल्लीत कोनी बघितलं असतं तर मला नूडल्ससकट उकडलं असतं. अक्कूला ह्याच्यात काही वाटंना हो, लेकरू पुण्यात हाय. तिचं एकच, 'टेन्शन घेऊ नका अज्जा, झटपट होतंय!'

झटपट होतंय म्हणे!

त्यात दुकानात नूडल्स भेटंना. आमच्या गल्लीतल्या दुकानात उन्हाळ्यामुळं पाण्याच्या बाटल्या आन पिपं एवढंच ठेवलेलं. मी इचार केला, नूडल्स म्हणजे काय? लांब दोरा. गव्हाचा दोरा. मंग आपल्याकडं काय कमी हाय का? फडताळात वरच्या अंगाला पत्र्याचा एक डबा होता, तो मात्र मला ठाव होता. तो मीच वर ठेवलेला. गौरम्मानं गेल्या उन्हाळ्यात केलेल्या शेवया.

मी स्टूल घेतला, डबा काढला, झाकण काढलं… आन बसलो तिथंच. वास हो. उन्हात वाळलेल्या गव्हाचा वास. तुमाला सांगतो, शेवयाचं यंत्र आमच्याकडं पितळी, वजनदार, बाजेच्या लाकडाला स्क्रू फिरवून बसवायचं. गौरम्मा पीठ तिंबायची, एवढं तिंबायची की बाज हालायची. मंग यंत्रात गोळा भरायचा आन दांडा फिरवायचा मी. खालून शेवया उतरतेत बघा, झरझर, त्या झेलायच्या तिनं. हातावर घेऊन, तोडून, काडीवर टाकून वाळत घालायच्या. जरा जोरात फिरवला की ओरडायची, 'अहो, हळू! सगळी वरात एकदम सोडू नका!' जरा हळू फिरवला की, 'झोपलात का?' चाळीस उन्हाळे मी दांडा फिरवला, एकदाबी माझा वेग तिला पसंत पडला न्हाई. आता वाटतं, अजून थोडं ओरडली असती तर काय बिघडलं असतं?

बरं, ते राहू द्या. रविवारच्या आधी तालीम करावी म्हणून मूठभर शेवया घेतल्या. अक्कूनं सांगितलं तसं पाणी उकळलं, शेवया टाकल्या, आन नूडल्स शिजायला जेवढा वेळ तिनं सांगितला तेवढा वेळ भक्तिभावानं हुबा राहिलो. काय झालं? लगदा! खळ! त्यानं मी सगळ्या लातुरात निवडणुकीचे पोस्टर चिकटवले असते! आन तिच्या हातच्या शेवया हो… मूठभर का होईना, तिच्या हातच्या. मला रडूच आलं एकदम. परीक्षेचं न्हाई, त्या मुठीचं.

तेवढ्यात शेजारची नागम्मा आली. निलंग्याकडची बाई, उमरीला लेकीकडं निघालेली, तिच्याबी घरात पाणी नव्हतं, किल्ली द्यायला आली होती. भांड्यात बघितलं आन कपाळाला हात लावला. 'अय्य शिवप्पाण्णा! काय करायलाव हे?' म्हणलं, नूडल्स. 'कशाच्या नूडल्स! ह्या गौरक्काच्या शेवया हायत. एवढ्या शिजवतेत का? उकळत्या पाण्यात चमचाभर तेल टाका, शेवया बुडवा आन साकु! बास! लगेच काढा.' मंग माझ्या खलबत्त्यात बघितलं, त्यात शेंगदाणे, लसूण. चिरलेली कोबी बघितली, गाजर बघितलं. आन हसायलाच लागली. 'आण्णा, तुमी तर जिल्ह्याच्या शेवया करायलाव की!'

तुमाला सांगतो, माझ्या हातातला बत्ताच थांबला. जिल्ह्याच्या शेवया! किती वर्सांनी आयकलं ते नाव!

आयका. आमी मूळचे मुरुडचे. लातूर जिल्हा झाला ब्याऐंशी साली, तवा आमी नवं लगीन झाल्यागत उत्साहात लातुरात आलो, कचेरीच्या वाटेवर किराणा दुकान टाकलं. म्हणलं, जिल्हा झाला, आता सायब येतील, शिपाई येतील, सगळे साखर-चहा आपल्याकडूनच नेतील. सायब आले का न्हाई ठाव न्हाई, पण मुरुड आलं! सगळं मुरुड! कारण काय, आधी जमिनीचं काम असो, कोर्टाचं असो, लोक उस्मानाबादला जायचे, तिथं कोनी वळखीचं नव्हतं, घरची भाकर बांधून न्यायचे आन झाडाखाली खायचे. आता जिल्हा लातूर झाला, आन लातुरात शिवप्पा! झाडाखाली कोण बसल? दुपार झाली की दारात टोपी. एक आमचे शेषेराव होते, बांधाची केस चालू होती त्यांची, तारखेच्या तारखेला यायचे. यायचे आन म्हणायचे, 'वैनी, काही करू नका हं, नुसता चहा. आपली कुठं भूक हाय?' आन चहा पिऊन झाला की बसून राहायचे… भिंतीकडं बघत… 'आज काय भाकरी थापल्या का न्हाई?' जिल्हा सरकारनं केला, जेवू घालायची जबाबदारी गौरम्माची!

आन पाऊस तवाबी रुसलेलाच. आडाला पाणी न्हाई, बाजारात भाजी महाग. भाकरी थापाव्या तर पीठ मळायला पाणी, भांड्याला पाणी, पाहुण्याचे हातपाय धुवायला पाणी. मंग ह्या बाईनं काय केलं? शेवया. गोडाच्या न्हाई, तिखटाच्या. उकळत्या पाण्यात बुडवायच्या, काढायच्या. कांदा परतायचा, जी भाजी असल ती, कोबी असो का गवार, मेथीच्या दोन काड्या असोत. वरून शेंगदाण्याची चटणी, तेल सुटलेली, थोडी चिंच, थोडा गूळ. पाहुणा हात पुसतोय तोवर ताट पुढं! आन ते शेवयाचं पाणी फेकायचं न्हाई बरं का. पुरणाचा कट कसा ठेवतो आपण, तसं ते ठेवायचं, त्यात येसूर, म्हणजे भाजल्या धान्याचा मसाला, घालायचा, लसणाची फोडणी, झाली आमटी! एका भांड्याच्या पाण्यात शेवया, आमटी, आन वरून शेषेराव खुश. ते ताट चाटून म्हणायचे, 'वैनी, जिल्हा झाल्याचा फायदा झाला बघा.' तवापासून आमच्या घरात आन गल्लीत त्याचं नाव जिल्ह्याच्या शेवया. मंग पाहुणे कमी झाले, घरोघरी मोटारसायकली आल्या, लोक कामं करून जेवायला घरी जायला लागले, आन ते खाणंबी मागं पडलं. मी इसरलो हो. आन नातीनं पुण्याहून फोनात मला तेच शिकवलं, किटलीतलं! आज्जीनं आन नातीनं एकच पदार्थ केला, आन एकीलाबी दुसरीचा मालूम न्हाई!

नागम्मा किल्ली देऊन उमरीला गेली. मी रविवारची वाट बघत बसलो.

आला रविवार. बसवंत, सिंधु, आन पुण्याहून सुट्टीला आलेली अक्कू. तिघं पाटावर बसले, परीक्षक! बसवंत तर घड्याळ बघून राहिला. मी सगळा डबा काढला. आता तिघं आन मी, थोडं करून कसं भागल? पाणी, तेलाचा चमचा, शेवया बुडवल्या, साकु! काढल्या. पाणी फेकलं न्हाई. कोबी, गाजर, ढोबळी मिरची, कांदा. चटणी. चिंच-गूळ. अक्कू ओरडायली, 'अज्जा, सॉस? सॉस न्हाई घातला!' म्हणलं, गप बस, तुझ्या आज्जीला इचार. दुसऱ्या शेगडीवर आमटीला येसूराची फोडणी दिली, ठसका असा उठला की परीक्षक तिघंबी अंगणात पळाले. तिथून सिंधु ओरडली, 'मामा, ठीक हाव ना?' म्हणलं, मी ठीक हाव, तुमी पाटावर या!

वाढलं. बसवंतनं पहिला घास घेतला. आन थांबला. चावंनाच. मला वाटलं, मीठ जास्त झालं, गेलं लातूर, गेलं घर. मंग बघतो तर त्याचे डोळे भरलेले. एवढा बँकेतला मानूस, पोट सुटलेला, आन म्हणला, 'अप्पा… ह्या आईच्या हायत.' मी म्हणलो, 'हाव. तिच्याच हायत. मी नुसतं पाणी गरम केलं.' सिंधुनं पदर डोळ्याला लावला, अक्कूला काही समजंना म्हणून ती डबल घ्यायली. नुसते भुरके. आमटीचं पातेलं तर अक्कूनं असं पुसलं की धुवायला पाणी लागलं न्हाई! आन मंग बसवंत म्हणला, 'अप्पा, तुमी पास. पुन्यांदा नांदेडचं नाव काढणार न्हाई. राहा खुशाल.' जिंकलो! तुमाला सांगतो, त्या दिवशी मी जिंकलो!

ते गेले. मी डबा पुसून ठेवायला घेतला. रिकामा. आत बघितलं तर दोन-चार तुकडे, तळाला भुगा. तवा डोक्यात उजेड पडला. अरे शिवप्पा, जिंकायच्या नादात तू तिच्या हातच्या सगळ्या शेवया वाढून टाकल्यास की! मला लई वाईट वाटलं. जेवले कोण, तर तिचंच पोर, तिचीच नात, त्याचं न्हाई वाईट वाटलं. पण आता उद्या काय? पुन्हा फुटाणे?

मंग म्हणलं, त्यात काय, करू की नवीन. यंत्र हाय, दांडा हाय, चाळीस उन्हाळ्याचा अनुभव हाय. पीठ तिंबलं. बाजेला यंत्र बसवलं. गोळा भरला, दांडा फिरवला, खालून शेवया उतरायल्या झरझर… आन झेलणार कोण? मी दांडा सोडून खाली पळालो, तर वरून थांबल्या. वर येऊन फिरवला, तर खाली ढीग. पुन्हा खाली, पुन्हा वर. सगळा गोळा जमिनीवर, एकमेकाला चिकटून बसला. नागम्माच्या दाराला कुलूप. गल्लीतले अर्धे लोक पाण्यापायी गावाला गेलेले. आन मी एकटा, धोतर सावरत, दांड्यापासून शेवयापर्यंत पळायलो! तवा मला कळलं, एकट्यानं जेवण करता येतं हो. शेवया न्हाई करता येत. त्याला पलीकडं कोनीतरी बसावं लागतं.

फोन केला. बसवंतला न्हाई, सिंधुला. म्हणलं, 'सुनबाई, परीक्षा तर पास झालो, पण…' आन दांड्यापासून शेवयापर्यंतची सगळी पळापळ सांगितली. तिनं सगळं आयकून घेतलं आन म्हणली, 'मामा, यंत्र घेऊन या. तुमी फिरवा, मी झेलते.' बास. एवढंच म्हणली. दुसऱ्या दिवशी मी घराला कुलूप लावलं, गौरम्माची पिशवी खुंटीवरून काढली, त्यात यंत्र घातलं, आन आलो.

म्हणून हा मी, हितं, तुमच्या कॉलनीच्या गच्चीवर, हरलेला न्हाई, पास झालेला! सिंधुनं पहिल्या शेवया केल्या, कोनाला तरी चाखायला दिल्या, आन दुसऱ्या दिवशी तुमी सगळे पिठाचे डबे घेऊन दारात. 'काका, आमचंबी तेवढं फिरवून द्या की!' आना, आना. मुरुड असो का नांदेड, मानसं मला जेवायच्या वख्तालाच सापडतेत. बसा पलीकडं, हात पुढं करा, झेला… आं? काय म्हणलीस सिंधु? हळू फिरवू? बघा! गौरम्मा गेली, घर सुटलं, गाव सुटलं, पण हा दांडा आन ह्याच्यावरचं ओरडणं काही सुटलं न्हाई मला. फिरवतो, बाई, फिरवतो.

झटपट होतंय म्हणे!